रागावण्याच्या रकान्यात

“मिस डांगरे, जरा इकडे या. आणि मोहरीलबाई, तुमचं मशीन थांबवा.”

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते. मी हातातला कागद उलटा ठेवला, पदर सारखा केला आणि वझलवार साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. टेबलापुढे खुर्ची होती, पण ती वकिलांसाठी. टाइपरायटरची खडखड थांबली की आमच्या त्या लांबट खोलीत फक्त पंख्याचा आवाज उरायचा आणि साहेबांचा. साहेब पंख्याहूनही हळू बोलत.

“काल सतरा पानं केलीत. त्यांत चुका किती?”

“अकरा, साहेब.”

“बारा. बारावी तुम्हाला दिसलीसुद्धा नाही. वाचा पहिल्यापासून. मोठ्यानं.”

लाल पेन्सिलीनं नंबर घातलेला कागद त्यांनी पुढे सरकवला. मी वाचायला लागले. पाचव्या चुकीवर त्यांनी हात वर केला.

“ही का झाली?”

“लक्ष नव्हतं, साहेब.”

“लक्ष असून काय उपयोग? समज लागते. बी.ए.ला तुम्हाला इंग्रजीचं पारितोषिक मिळालं होतं ना? त्या वर्षी परीक्षेला एकट्याच बसला होतात का?” मग दाराकडे वळून ते म्हणाले, “सोनबाजी, खरेदीखत आणि गहाणखत यांत काही फरक असतो का हो?”

सोनबाजी म्हणजे आमचे साठीचे शिपाई. ते स्टुलावर अंग चोरून बसले होते. “असते जी,” ते जमिनीकडे बघत म्हणाले.

“बघा. सोनबाजी चौथी शिकलेत. हं, सहावी वाचा.”

हे १९८३ सालचं. नागपुरात सीताबर्डीवर एका कापडाच्या दुकानाच्या वर वझलवार साहेबांचं भाषांतर कार्यालय होतं. तालुक्याच्या कोर्टात मराठीत झालेल्या साक्षी अपिलासाठी इंग्रजीत करून द्यायच्या, खाली ‘खरे भाषांतर’ असा शिक्का मारायचा आणि भाषांतर करणाऱ्यानं सही करायची, एवढंच काम. माझी सहा महिन्यांची उमेदवारी होती आणि ती संपायला सहा दिवस उरले होते. बाबांना अर्धांगवायू होऊन वर्ष झालं होतं आणि घर माझ्यावरच चाललं होतं. साहेब ‘उद्यापासून येऊ नका’ असं सहज म्हणू शकत होते, आणि ते म्हणतील या धास्तीत मी दर दिवस काढत होते.

पण त्यांच्याबद्दल तक्रार करावी असं मला वाटत नव्हतं. तक्रार करणार तरी कशाची? साहेबांनी कधी आवाज चढवला नाही. त्यांच्या तोंडी कधी अपशब्द आला नाही. ते ‘अहो-जाहो’ करत, ‘मिस’ म्हणत. रोज संध्याकाळी घरी गेले की पोळ्या लाटता लाटता आई विचारायची, “आज रागावले का गं साहेब?” आणि मी चपला काढता काढता म्हणायची, “हो, थोडेसे.” आई म्हणायची, “रागावतात त्यांच्या हाताखाली माणूस शिकतं.” मलाही ते पटायचं.

साहेबांची एक काळी वही होती. सव्वीस वर्षांत त्यांनी ठरवलेले शब्द त्यात रकाने आखून लिहिले होते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याखाली येणारे सगळे मराठी शब्द. वहीबाहेरचा शब्द वापरायचा नाही, हा कार्यालयाचा कायदा. “कोर्टाला साहित्य नको असतं,” साहेब म्हणत, “एका गोष्टीला एक शब्द हवा असतो.” शिवीगाळ असेल तर ‘अब्यूज’. मारहाण किंवा उपाशी ठेवणं असेल तर ‘इल-ट्रीट’. सासूनं माहेराचा उद्धार केला तर ‘टॉन्ट’. आणि रागावणे, ओरडणे, बोलणे, टाकून बोलणे, घालूनपाडून बोलणे, हे सगळे ‘स्कोल्ड’च्या रकान्यात.

त्या शुक्रवारी बाराच्या बारा चुका वाचून होईपर्यंत पावणेपाच झाले. साहेब चहा घ्यायला आतल्या खोलीत गेले तेव्हा सोनबाजी मला म्हणाले, “बाई, भाईर एक बाई बसली हाये. साडेतीनपासून. बोंदरेच्या अपिलाची नक्कल पायजे म्हणते.”

बोंदरेचं अपील मीच केलं होतं त्या आठवड्यात. उमरेडकडचे एक गणिताचे मास्तर आणि त्यांची बायको. सात वर्षांची मुलगी आईजवळ राहील असा खालच्या कोर्टानं निकाल दिला होता, आणि ती आपल्याला मिळावी म्हणून मास्तर अपिलात आले होते. सुनावणी सोमवारी होती. भाषांतर मास्तरांच्या वकिलांनीच करून घेतलं होतं; एक नक्कल विरुद्ध बाजूला द्यायची होती, ती न्यायला तिच्या वकिलांनी तिलाच धाडलं होतं.

मी नक्कल घेऊन व्हरांड्यात गेले. गिरिजा बोंदरे बाकाच्या कडेला बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. तिनं वळणदार अक्षरात सही केली, कागद हातात घेतले आणि ते उलटसुलट बघत राहिली.

“बाई, हे इंग्रजी तुमीच केलं काय?”

“हो.”

“मंग माह्यावालं वाचून दाखवा न जी. मी कोर्टात बोलली ते. मराठीत सांगा, इंग्रजीत काय आलं म्हणून.”

पक्षकारांशी बोलायचं नाही, हाही कार्यालयाचा कायदा होता. मी दारावरच्या पडद्याकडे पाहिलं. आत कपबशीचा आवाज येत होता. दोन ओळी सांगितल्यानं काय बिघडतं, असं मनाशी म्हणून मी कागद तिच्याकडून घेतले, तिचं पान काढलं आणि इंग्रजीवरून मराठीत सांगायला लागले, “‘माझे पती मला रोज संध्याकाळी मुलीसमोर उभे करून रागावत असत. त्यांनी मला कधी शिवी दिली नाही. कधी मारहाण केली नाही.’”

“रागावत?” ती म्हणाली. “मी असं नाई म्हटलं.”

“तुम्ही ‘घालूनपाडून बोलत’ असं म्हणालात.”

“हो, तेच म्हटलं.”

“इंग्रजीत त्याला हाच शब्द आहे.”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “रागावते तं मी बी, बाई. चिमीनं दूध सांडलं का मी तिले रागावते. मंग दहा मिनिटात जवळ घेते. त्याले रागावणं म्हणते. इंग्रजीतले लोक रागावल्यावर जवळ नाई घेत काय?”

मी पान मिटायला लागले, पण तिनं त्यावर हात ठेवला.

“ऐका न जी. ते शाळेतून आले का हातपाय धुवाचे, खुर्चीवर बसाचे अन् मले समोर उभी कराचे. दिवसभरात मी काय चुकवलं ते पाटीवर लिहाचे. भाजीत मीठ जास्ती. कपडे वाकडे वाळू घातले. पाटी चिमीच्या हाती. वाच बेटा, आईनं काय काय केलं? तिले जोडाक्षर नाई येत. ती अडली का मले म्हणाचे, तू वाच. मंग मी वाचाची. मंग चिमीले विचाराचे, तुले तरी समजलं असतं न बेटा? आवाज कधी चढवला नाई त्यायनं. शेजारचे म्हणत, किती शांत मानूस आहे.”

मी कागद तिच्या हातात परत दिले.

गिरिजानं पडद्याकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. “बाई, मी साडेतीनपासून इथं बसली आहो. मघा आत साहेब तुमाले बोलत होते न?”

“हो.”

“ते रागावणं होतं काय?”

पडद्यामागे साहेबांचं खाकरणं ऐकू आलं. मी दचकून मागे सरले. ती उठली, कागद पिशवीत घातले.

“सोमवारी जजसाहेब हे वाचतीन,” ती म्हणाली. “रागावते म्हणून कोणी नवऱ्याचं घर सोडते काय, म्हणतीन. अन् पोरगी त्यायच्या हाती देतीन. मंग त्या खुर्चीसमोर कोण उभं राहीन? चिमीच न?”

ती जिना उतरून गेली. पायऱ्यांवरचे तिचे पाय ऐकू येईनासे होईपर्यंत मी तिथंच उभी होते.

घरी गेले. आई स्टोव्हपाशी होती. “आज रागावले का गं साहेब?” तिनं विचारलं.

“हो, थोडेसे,” मी म्हणाले, आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडताक्षणी माझे कान गरम झाले.

चपला हातात घेऊन मी तशीच उंबऱ्यावर बसले. बोंदरेच्या साक्षीतलं ते वाक्य करताना मी काळी वही उघडलीच नव्हती. उघडायची गरजच पडली नव्हती. हात आपणहून ‘स्कोल्ड’ लिहून मोकळा झाला होता. सहा महिने रोज संध्याकाळी मी आईला जे सांगत होते, तेच मी त्या बाईच्या नावावर लिहून टाकलं होतं. तिची साक्ष मी तिच्या तोंडून ऐकलीच नव्हती.

जेवण गेलं नाही. बाबांना भरवलं आणि कॉलेजातली डिक्शनरी काढून बसले. ‘अब्यूज’ लिहावं? तर पुढच्याच वाक्यात ती म्हणते, शिवी दिली नाही. तिच्याच शब्दांनी ती खोटी पडली असती. ‘इल-ट्रीट’ म्हटलं तर मारहाण नाही म्हणते. ‘इन्सल्ट’ एखाद्या दिवसाचा, आणि हे तर वर्षानुवर्षांचं. ‘टॉन्ट’ म्हणजे जाता-येता मारलेला टोमणा. इथे तर खुर्ची मांडून, पाटी घेऊन बैठक भरत होती. शेवटी जो शब्द सापडला तो होता ‘ह्युमिलिएट’. माणसाला दुसऱ्यांच्या देखत खाली खाली आणणं. सहा महिन्यांत तो मी एकदाही लिहिला नव्हता. काळ्या वहीत त्याला रकानाच नव्हता.

शब्द सापडला म्हणून भीती काही गेली नाही, उलट वाढली. आता न सापडल्याचं सोंगही करता येणार नव्हतं.

शनिवारी अर्धा दिवस असायचा. मी डिक्शनरी पिशवीत घालून साडेनऊलाच गेले. मोहरीलबाई मशीनवरचं कापड काढत होत्या. पन्नाशीच्या, अबोल, अकरा वर्षं तिथं काढलेल्या. मी त्यांना सगळं सांगितलं.

“सही झालीय तुझी,” त्या म्हणाल्या. “शिक्का पडलाय. नकला गेल्यात. आता शुद्धिपत्रक काढायचं म्हणजे साहेबांच्या तोंडावर वही चूक आहे म्हणायचं. तुझे पाच दिवस राहिलेत पोरी. मुकाट्यानं बस.”

“पण ती मुलगी, बाई—”

“मी अकरा वर्षं कशी काढली असतील?” त्यांनी मशीनमध्ये कोरा कागद चढवला आणि माझ्याकडे पाहिलंच नाही.

साहेब दहाला आले. टोपी खुंटीला लावली, चष्मा पुसला. मी न बोलावता टेबलासमोर जाऊन उभी राहिले. टेबलाच्या कडेला दोन बोटं टेकवली.

“साहेब, बोंदरे अपिलात एक चूक झाली आहे. शुद्धिपत्रक द्यावं लागेल.”

“फक्त एक? तुमच्या मानानं फारच कमी.”

मी वाक्य सांगितलं, शब्द सांगितला. त्यांनी काळी वही उघडली, पान काढलं आणि माझ्यासमोर फिरवून ठेवलं. “वाचा. मोठ्यानं.”

“‘स्कोल्ड’. रागावणे, ओरडणे, बोलणे, टाकून बोलणे, घालूनपाडून बोलणे.”

“मग चूक कुठे आहे?”

“वहीत आहे, साहेब.”

मोहरीलबाईंचं मशीन थांबलं. त्यांना कुणी थांबवायला सांगितलं नव्हतं.

साहेब हसले. “सव्वीस वर्षांत ही चूक एकाही वकिलाला दिसली नाही, एकाही न्यायाधीशाला दिसली नाही, ती मिस डांगरेंना सहाव्या महिन्यात दिसली. सोनबाजी, ऐकताय ना? आपण उगाच इतकी वर्षं दुकान चालवलं. आणि तुमच्या मते त्या माणसानं काय केलं? शिवी दिली?”

“नाही.”

“मारलं?”

“नाही.”

“आवाज चढवला? तसं कुठे लिहिलंय साक्षीत?”

“नाही, साहेब.”

“म्हणजे एक शांत, सुशिक्षित माणूस बायकोच्या चुका तिला दाखवून देतो. त्याला रागावणं नाही तर काय म्हणतात? हा तुमचा नवा शब्द, तो कोणत्या आधारावर?”

एवढं आठवतं, की मी त्यांच्याकडे न बघता त्या लाल पेन्सिलीकडे बघत होते.

“काल चार वाजता तुम्ही मला बोललात, त्या आधारावर.”

साहेबांचं हसू तसंच राहिलं, फक्त ते कुणासाठी होतं ते कळेना.

“मी?” ते म्हणाले. “मी तुम्हाला आजवर एक तरी अपशब्द बोललो आहे?”

“नाही साहेब. तीसुद्धा तेच सांगते आहे.”

त्यांनी वही मिटली. पेन्सिल कप्प्यात ठेवली. बराच वेळ ते टेबलावरच्या टाचण्या एका रेषेत लावत होते. मग नेहमीसारखेच हळू म्हणाले, “शुद्धिपत्रक द्यायचं तर तुमच्या सहीनं द्या. त्यावर कार्यालयाचा शिक्का पडणार नाही. आणि सोमवारपासून तुम्ही यायचं कारण नाही.”

शिक्क्याशिवाय त्या कागदाला कुणी हात लावला नसता, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. मी तशीच उभी होते. बाबांच्या गोळ्या, आईचा चेहरा, पाटी धरलेली ती न पाहिलेली मुलगी, सगळं डोक्यात एकदमच गरगरत होतं. रडू कोसळेल असं वाटलं, पण त्यांच्यासमोर नको, एवढंच कळत होतं.

तेवढ्यात मागे मशीन सुरू झालं. खडखड, खडखड, घंटी. मी वळून पाहिलं. मोहरीलबाई टाइप करत होत्या, आणि मशीनवर कागद होता तो शुद्धिपत्रकाचा. वरचा ठरीव मजकूर त्यांना पाठच होता, आणि नवा शब्द त्यांनी सकाळीच माझ्याकडून ऐकला होता.

“मोहरीलबाई,” साहेब म्हणाले, “मशीन थांबवा.”

मशीन थांबलं नाही. बाईंनी ओळ पुरी केली, खाली माझं नाव टाइप केलं, कागद ओढून काढला आणि कार्बनच्या दोन प्रती वेगळ्या केल्या. मग आपला खण उघडला. शिक्का आणि शाईची गादी अकरा वर्षं त्यांच्याच खणात असायची. तीन प्रतींवर त्यांनी तीन शिक्के मारले, सावकाश, एकेक दाबून, आणि माझ्यापुढे पेन ठेवलं.

“सही कर,” त्या म्हणाल्या. “अन् शाई वाळू दे, नाहीतर पसरेल.”

साहेब पुन्हा टाचण्या लावायला लागले. बाईंना त्यांनी काढलंही नाही. त्यांच्यासारखं टाइप करणारं शोधूनही मिळालं नसतं. मी मात्र डबा आणि डिक्शनरी घेऊन जिना उतरले, ती पुन्हा कधी चढले नाही. दुपारी दोन्ही वकिलांकडे प्रती पोचवल्या, कोर्टाची प्रतही दिली. मास्तरांच्या वकिलांनी पोच देताना मला विचारलं, “वझलवारांना हे माहीत आहे?” मी म्हणाले, “त्यांच्या समोरच झालंय.”

घरी काही सांगितलं नाही. सोमवारी नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघाले आणि कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसले. गिरिजा पुढे होती. तिच्याशेजारी दोन वेण्या घातलेली, पाय लोंबकळत ठेवलेली एक मुलगी. पलीकडे मास्तर, इस्त्रीचा सदरा, हातात डायरी. दिसायला खरंच शांत.

त्यांचे वकील शुद्धिपत्रकावर तुटून पडले. आयत्या वेळी शब्द बदलला, हेतू काय, वगैरे. न्यायाधीशांनी भाषांतर करणारी व्यक्ती हजर आहे का विचारलं. मी उठले.

“आधीचा शब्द का लिहिला होता?” त्यांनी विचारलं.

“माझी समजूत चुकली होती.”

“दोन्हींत फरक काय पडतो?”

“रागावणाऱ्याला समोरचं माणूस सुधारायला हवं असतं. यांना ते लहान व्हायला हवं होतं.”

वकील काहीतरी बोलायला उठले, पण त्याआधी मास्तरच उभे राहिले आणि हळू, अगदी नम्रपणे म्हणाले, “मी फक्त तिच्या चुका मोजत होतो, साहेब. पाटीवरचं सगळं या डायरीत नोंदलेलं आहे. मुलीला विचारा, तिला पाठ आहेत.”

मुलगी पटकन उठून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. हात मागे बांधले आणि खाली बघत म्हणायला लागली, “भाजीत मीठ जास्ती. कपडे वाकडे—” गिरिजानं तिला ओढून कुशीत घेतलं आणि तिचं तोंड पदरानं झाकलं.

अपील फेटाळलं गेलं. ते माझ्या शब्दामुळे, असं मी आजवर कधी म्हटलं नाही. न्यायाधीशांनी मुलीला उभी राहिलेली पाहिलं, तेवढंही पुरे झालं असतं. बाहेर पायऱ्यांवर गिरिजा थांबली, माझा हात तिनं हातात धरला आणि विचारलं, “तुमी आज कामावर नाई गेल्या?” मी मान हलवली. तिनं हात बराच वेळ सोडला नाही.

संध्याकाळपर्यंत बागेत बसून मी नेहमीच्या वेळी घरी पोचले. आई पोळ्या लाटत होती. बाबा खाटेवर पडून दाराकडे बघत होते. मी चपला काढल्या.

“आज रागावले का गं साहेब?” आईनं विचारलं.

“नाही आई,” मी म्हणाले. “ते मला कधी रागावलेच नाहीत.”

लाटणं थांबलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, तव्यावरची पोळी उतरवली आणि स्टोव्ह बंद केला.

“मग काय करत होते?” ती म्हणाली.

मी तिच्यासमोर पाटावर बसले आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागले.